बंदिवानाची भेट

वैशाखातल्या संध्याकाळी, ऊन कलल्यावर, दोन घटका ज्ञानाच्या आणि मनोरंजनाच्या मिळाव्यात म्हणून श्रोते व्याख्यानाला येतात. अशा वेळी त्यांच्यापुढे तुरुंगाचा विषय काढावा हे कोणाला रसभंगाचे वाटेल. वर्धेकरांना मात्र तसे वाटण्याचे कारण नाही. ज्या जिल्ह्यात जमनालालजी बजाज, विनोबा, कुमारप्पा आणि स्वतः गांधीजी राहिले, त्या जिल्ह्याचा अर्ध्या शतकाचा इतिहास तुरुंगाच्या दारातूनच आतबाहेर करीत असतो. या भागात एके काळी तुरुंगात जाऊन आलेला मनुष्य म्हणजे मानाचा मनुष्य अशी समजूत पडून गेली होती. पण त्या मानाच्या गोष्टी आज आम्हांस सांगावयाच्या नाहीत. आमचा प्रश्न निराळा आहे. जो बाहेर आहे त्याने आत असलेल्याला भेटावयास जावे काय, जावे तर कोणत्या नात्याने जावे, आणि गेल्यावर त्याला धर्म सांगावा काय, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न जगापुढे ठळकपणे मांडला तो ख्रिस्ती धर्माने. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाचे वर्णन आहे. तेथे न्यायासनावर बसलेला राजा माणसांची पारख करतो ती सहा कृत्यांवरून. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस आणि बंदिवानाची भेट, ही ती सहा कृत्ये. यांतली पहिली पाच आपल्याकडेही पुण्यकर्मे म्हणून परिचित आहेत. अन्नछत्रे, पाणपोया, धर्मशाळा आपण शतकानुशतके बांधीत आलो. सहावे कृत्य तेवढे आपल्याला नवे वाटते. कारण भुकेला मनुष्य दुर्दैवी असतो, पण बंदिवान हा बहुधा अपराधी असतो, आणि अपराध्याकडे पुण्य जोडण्यासाठी जाणे हे सामान्य माणसाच्या मनाला सहज पटत नाही.

या सहाव्या कृत्याचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. भुकेला माणूस तुमचे अन्न नाकारू शकतो, परका तुमच्या ओसरीवरून उठून जाऊ शकतो. बंदिवान मात्र उठून जाऊ शकत नाही. त्याच्यापुढे जो कोणी येऊन बोलेल त्याचे त्याला ऐकावेच लागते. म्हणून तुरुंगातल्या धर्मोपदेशाच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती असे कोणी विचारले, तर आम्ही म्हणू, उपदेश काय केला हे नव्हे, त्या वेळी किल्ल्या कोणाच्या हाती होत्या हे आधी पाहावे.

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या काळात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. तेव्हा उपदेशकच कैदेत असे. संत पौल आणि त्याचा सोबती सीला हे फिलिप्पै नगरात बेड्यांत पडले असता रात्री प्रार्थना करीत होते आणि इतर कैदी ती ऐकत होते, असे प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात सांगितले आहे. पौलाची कित्येक पत्रे बंदिवासातून लिहिलेली आहेत. त्यांतले फिलेमोनाला लिहिलेले पत्र अगदी छोटे आहे. पळून आलेल्या अनेसिम नावाच्या एका दासासाठी रदबदली करणारे ते पत्र आहे. स्वतः साखळदंडात असलेला मनुष्य दुसऱ्या पराधीनासाठी शब्द टाकतो आहे. येथे उपदेशकाच्या हातात किल्ली नाही आणि ऐकणाऱ्यावर जुलूमही नाही. दोघेही एकाच भिंतीच्या आत आहेत.

पुढे राज्यकर्तेच ख्रिस्ती झाले आणि चित्र पालटले. धर्म राजसत्तेच्या बाजूला जाऊन बसला. त्यानंतर ख्रिस्ती राजांच्या तुरुंगांत ख्रिस्ती माणसेच आपल्या श्रद्धेपायी खितपत पडू लागली. इंग्लंडात बेडफर्डच्या तुरुंगात जॉन बनियन हा भांड्यांना कल्हई व डाग लावणारा एक गरीब उपदेशक १६६० पासून १६७२ पर्यंत बारा वर्षे होता. परवान्याशिवाय प्रवचन करणे हा त्याचा अपराध. त्याचा जगप्रसिद्ध रूपकग्रंथ १६७८ मध्ये बाहेर पडला. त्याचे बीज तुरुंगातच रुजले होते असे मानतात. या ग्रंथाचे मराठी रूप हरि केशवजी यांनी यात्रिकक्रमण या नावाने १८४१ मध्ये केले. मराठी गद्याच्या अगदी बाल्यावस्थेत जी मोठी कथात्मक पुस्तके आपल्या भाषेत आली त्यांत एका कैद्याचे पुस्तक होते, ही गोष्ट आम्हांस लक्षणीय वाटते.

त्याच बेडफर्ड परगण्याशी जॉन हॉवर्ड या गृहस्थाचे नाव जोडलेले आहे. १७७३ मध्ये तो तेथला शेरीफ झाला. शेरीफ हे पद मानाचे. आधीचे लोक तुरुंगाकडे फिरकतही नसत. हा मात्र आत गेला, आणि त्याला असे आढळले की, न्यायालयाने निर्दोष ठरविलेले लोकही आत डांबलेले आहेत. कारण एवढेच, की जेलरला द्यावयाची फी त्यांच्यापाशी नव्हती. जेलरला सरकारी पगार नसे. कैद्यांकडून मिळेल त्यावर त्याचे पोट. हॉवर्डने मग गावोगावचे तुरुंग पाहिले, मोजमापे घेतली, आणि १७७७ मध्ये आपला अहवाल छापला. तो श्रद्धाळू ख्रिस्ती होता, पण त्याने कैद्यांना प्रवचन केले म्हणून तो स्मरणात नाही. कैद्याच्या कोठडीत वारा किती येतो आणि पाणी किती मिळते हे त्याने विचारले म्हणून आहे. शेवटी १७९० मध्ये दक्षिण रशियात अशाच एका फेरीत तापाने त्याचा अंत झाला.

त्याच्यामागून एलिझाबेथ फ्राय ही क्वेकर पंथाची बाई आली. १८१३ मध्ये ती लंडनच्या न्यूगेट तुरुंगात प्रथम गेली. तेथे स्त्रिया आपल्या तान्ह्या मुलांसह दाटीवाटीने कोंडलेल्या होत्या. १८१७ मध्ये तिने तेथे मुलांसाठी शाळा आणि बायकांसाठी शिवणकाम सुरू केले. ती त्यांना बायबल वाचून दाखवी. पण आमचे लक्ष वेधून घेते ती दुसरीच गोष्ट. वॉर्डातल्या शिस्तीचे नियम तिने तयार केले, तेव्हा ते एकेक वाचून दाखवून त्या कैदी स्त्रियांचीच संमती हात वर करून घेतली. जिचे सर्व हक्क गेले आहेत अशा बाईला, तुला हे मान्य आहे काय, असे कोणीतरी विचारले. तुरुंगसेवेच्या इतिहासात एवढा साधा आणि एवढा मोठा प्रसंग दुसरा क्वचितच सापडेल.

आता आपल्या देशाकडे वळू. १८८२ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या बंदरात मुक्तिफौजेची चार माणसे उतरली. त्यांचा म्होरक्या फ्रेडरिक टकर हा पूर्वी पंजाबात सनदी नोकरीत होता. ती नोकरी सोडून तो भगवी वस्त्रे नेसून, अनवाणी, वाद्ये वाजवीत मुंबईच्या रस्त्यांवरून मिरवणुकी काढू लागला. गोरा माणूस फकिराच्या वेषात फिरतो हे सरकारला रुचेना. मिरवणुकांवर बंदी आली. बंदी मोडल्याबद्दल टकरला व त्याच्या सोबत्यांना पकडण्यात आले व टकरने तुरुंगवासही भोगला. त्या वेळी ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांची बाजू घेतली. म्हणजे मुक्तिफौजेचा हिंदुस्थानातील आरंभ पौलाच्याच पद्धतीने झाला. उपदेशक आत होता.

पंचवीस वर्षांनी काय झाले पाहा. १८७१ मध्ये सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. माणूस जन्मला की त्याच्या जातीवरून तो गुन्हेगार ठरावयाचा, त्याने हजेरी द्यावयाची, परवान्याशिवाय गाव सोडावयाचे नाही, असा तो कायदा. १९०८ मध्ये गोरखपूरकडे अशा जमातींची एक वसाहत सरकारने मुक्तिफौजेच्या हवाली केली, आणि पुढे अशा अनेक वसाहती तिच्याकडे आल्या. आपल्या महाराष्ट्रातही सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीचे काम काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होते. या मिशनरी मंडळींनी तेथे शाळा काढल्या, दवापाणी केले, कित्येकांना धंदे लावून दिले. त्यांच्या कष्टांना आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु ज्याने सकाळी हजेरी घ्यावयाची त्यानेच संध्याकाळी प्रार्थना सांगावयाची, हा योग विपरीत होता. प्रार्थनेला आलेला मनुष्य देवासाठी आला की परवान्यासाठी आला, हे उपदेशकाला कळावयास मार्ग नव्हता. कदाचित त्या माणसाला स्वतःलाही कळत नसेल. ही वसाहतीची तार १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाल्यावर तुटली, पण त्या शिक्क्याच्या खुणा तुरुंगांच्या नियमपुस्तकांत राहूनच गेल्या. जातीवरून कैद्यांना काम वाटणारे नियम घटनाबाह्य ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ३ ऑक्टोबर २०२४ रोजी झाला. त्यात विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगारी वृत्तीचे लेखणाऱ्या नियमांचाही समाचार घेतलेला आहे.

किल्ल्या हाती आल्यावर चांगल्या माणसांचेही कसे होते ते येथवर पाहिले. आता वर्ध्याकडे येऊ.

मगनवाडीत ज्यांचे वास्तव्य होते त्या जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांचे नाव वर्ध्यात ऐकले नाही असा जुना माणूस मिळावयाचा नाही. ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनला त्यांनी हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेतले, मुंबईत धंदा केला, आणि नंतर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सरकारी जमाखर्च आणि हिंदी जनतेचे दारिद्र्य या विषयावर प्रबंध लिहिला. १९२९ मध्ये तो प्रबंध घेऊन ते साबरमतीला गांधीजींकडे गेले, आणि विलायती पोशाखातला हा हिशेबनीस कायमचा खादीधारी झाला. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे चिटणीस म्हणून कुमारप्पा जमनालालजींनी दिलेल्या मगनवाडीत राहावयास आले. घाणी, हातकागद, मधमाशा, गूळ, कुंभारकाम, यांचे प्रयोग तेथे चालत. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय त्याची साक्ष देत अजून उभे आहे.

कुमारप्पांनी खादी घातली, पण ख्रिस्ती धर्म सोडला नाही. उलट आपण ख्रिस्ताचे अनुयायी आहोत म्हणूनच सत्याग्रहात आहोत असे ते म्हणत. १९३० मध्ये सविनय कायदेभंग सुरू झाला, तेव्हा कलकत्त्याचे बिशप व हिंदुस्थानातील अँग्लिकन पंथाचे प्रमुख फॉस वेस्टकॉट यांनी, असा कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणीला धरून नाही, असे मत दिले. कुमारप्पांनी त्यांना जाहीर उत्तर केले. तोफा आणि लाठ्या वापरणाऱ्या सरकारला ज्या धर्मपीठाने कधी अडविले नाही, त्याने निःशस्त्र माणसांना ख्रिस्ताची शिकवण सांगावी काय, असा त्या उत्तराचा रोख होता. यंग इंडियाचे लेखन आणि संपादन त्यांनी अंगावर घेतले, आणि त्यापायी १९३१ पासून त्यांच्या तुरुंगाच्या फेऱ्या सुरू झाल्या. म्हणजे आमच्या प्रश्नाच्या परिभाषेत बोलावयाचे तर, बिशपमहाराज किल्ल्यांच्या बाजूला होते आणि त्यांचा हा धर्मबंधू कुलपाच्या बाजूला.

याच सुमारास तुरुंगातून धर्म सांगण्याची एक परंपरा आपल्याकडे सुरू झाली. तिचा उगम येरवड्यास झाला. १९३० मध्ये गांधीजी येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना दर मंगळवारी पहाटे एक पत्र लिहीत. सत्य, अहिंसा, अस्तेय, अपरिग्रह अशा एकेका व्रतावर एकेक पत्र. मंगल प्रभात या नावाने ती पत्रे पुढे संग्रहित झाली. स्वदेशी व्रतावरचे पत्र मात्र त्यांनी तुरुंगात लिहिले नाही, कारण त्यात राजकारण आल्याखेरीज राहणार नाही आणि कैद्याने नियम मोडू नये. ते बाहेर आल्यावर लिहिले. पौलाच्या पत्रांशी याचे साम्य कोणालाही जाणवेल. अंतर एवढेच की, पत्र लिहिणारा हा कैदी आपल्या पहारेकऱ्याच्या नियमाचाही मान राखीत होता.

दोन वर्षांनी धुळ्यास जे घडले ते तर मराठी माणसाच्या घरोघर पोचले आहे. विनोबा ८ एप्रिल १९२१ रोजी वर्ध्यास आश्रम चालविण्यासाठी आले, तेव्हापासून वर्धा हेच त्यांचे घर. १९३२ च्या आरंभी त्यांना शिक्षा होऊन धुळ्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. जमनालालजीही तेथेच होते, आणि अमळनेरचे साने गुरुजीही होते. राजकीय कैद्यांनी आग्रह केला म्हणून २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. अठरा अध्याय, अठरा प्रवचने. साने गुरुजींनी ती जलद लिहून घेतली म्हणून ती आपल्याला मिळाली. वक्ता आठवडाभर इतरांबरोबर दळण दळीत असे, आणि रविवारी त्याच माणसांपुढे कर्मयोग सांगत असे. त्याला ऐकावयास न येण्याची मोकळीक प्रत्येकाला होती. न आल्याने कोणाची माफी कमी होणार नव्हती आणि आल्याने कोणाची भाकरी वाढणार नव्हती. पुढे १९४४ मध्ये सिवनीच्या तुरुंगात त्यांनी स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर अशीच व्याख्याने दिली.

या परंपरेतले ख्रिस्ती पुस्तक लिहिले ते कुमारप्पांनी. १९४२ च्या आंदोलनानंतर त्यांना शिक्षा होऊन जबलपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात पाठविले. तेथे त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूची शिकवण आणि त्याचा आचार यांवर, आणि दुसरे टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. दोन्ही इंग्रजीत आहेत, आणि दोहोंना गांधीजींच्या प्रस्तावना आहेत. पहिल्या पुस्तकात कुमारप्पांचे म्हणणे थोडक्यात असे की, येशूवर विश्वास ठेवणे म्हणजे त्याच्याविषयी काही सिद्धांत मान्य करणे नव्हे. त्याच्या रीतीने जगणे म्हणजे विश्वास. शिष्य होणे ही चर्चच्या नोंदवहीत नाव घालण्याची गोष्ट नसून रोजच्या मीठभाकरीच्या व्यवहाराची आहे. दुसऱ्या पुस्तकात हेच तत्त्व त्यांनी बाजारपेठेला लावले. सृष्टीत परोपजीवी वृत्ती आहे, लुटारू वृत्ती आहे, स्वतःच्या श्रमावर जगण्याची वृत्ती आहे, मधमाशीसारखी समूहासाठी झटण्याची आहे, आणि पिलाला घास भरविणाऱ्या पक्षिणीची सेवेची वृत्ती आहे. मनुष्याने पहिलीकडून शेवटचीकडे चढत जावे. एक पुस्तक धर्माचे आणि दुसरे अर्थशास्त्राचे असे भासते, पण दोन्हींचा प्रश्न एकच आहे, दुसऱ्याला न लुटता जगावयाचे कसे. गांधीजींनी या ग्रामोद्योगांच्या आचार्याला गमतीने ईश्वरविद्येच्या आचार्याचीही पदवी देऊन टाकली. एका कैद्याला दुसऱ्या जुन्या कैद्याने दिलेली ती पदवी होती.

येथे आपल्यातला एखादा ख्रिस्ती श्रोता आम्हांस अडवील, आणि त्याने अडवावे. तो म्हणेल, तुम्ही स्वतः आत असलेल्यांचीच स्तुती करता, मग बाहेरून प्रेमाने जाणाऱ्याने काय करावे? ज्याच्यापाशी आशेचा शब्द आहे त्याने तो कैद्याला सांगू नये काय? हाच वाद वर्ध्याजवळ १९३६ च्या नोव्हेंबरात झाला होता. जगभरच्या ख्रिस्ती तरुण संघटनांचे पुढारी जॉन मॉट हे अमेरिकन गृहस्थ गांधीजींना भेटावयास सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, आले होते. शुभवर्तमान सांगणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्यच आहे, ही मॉट यांची भूमिका. गांधीजींचे म्हणणे, अस्पृश्यतेने पिचलेल्या आणि धर्माची तुलना करण्याची सवड नसलेल्या माणसापुढे धर्म बदलण्याचा प्रश्न टाकणे न्याय्य नाही. मिशनऱ्यांशी बोलताना ते गुलाबाचा दाखला देत. गुलाब प्रवचन करीत नाही, त्याचा वासच लोकांना ओढून आणतो. मॉट हे काही सामान्य प्रचारक नव्हते. दहा वर्षांनी त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोघेही प्रामाणिक होते आणि दोघांचाही निरोप घेताना मतभेद कायम होता.

आम्हांस वाटते, या वादाचा निकाल तुरुंगाच्या बाबतीत तरी लावता येण्याजोगा आहे. बोलणे हा अपराध नाही. कैद्याला शब्दाची भूक असते, आणि ती पुष्कळदा भाकरीच्या भुकेइतकीच खरी असते. तीन महिन्यांत ज्याला कोणी नातेवाईक भेटला नाही, त्याला परका माणूस येऊन नावाने हाक मारतो हीच मोठी गोष्ट. पण सांगणाऱ्याने दोन गोष्टी पाळाव्यात. ऐकणाऱ्याला न ऐकण्याची मोकळीक आहे याची आधी खात्री करून घ्यावी, आणि ऐकण्याच्या बदल्यात काहीही देऊ नये, साबणाची वडीसुद्धा नाही. वस्तू द्यावयाची तर सर्वांना द्यावी. हे दोन नियम पाळले तर उपदेशक ख्रिस्ती असो, वारकरी असो की मौलवी असो, त्याच्या शब्दाला फ्रायबाईच्या वॉर्डातली संमती मिळेल.

दुसरा आक्षेप आमच्यावर येण्याजोगा आहे तो याहून कठीण आहे. विनोबांचे श्रोते राजकीय कैदी होते. शिकलेले, स्वेच्छेने आत आलेले, बाहेर हार घेऊन लोक वाट पाहत असलेले. खून केलेल्या, दरोडा घातलेल्या माणसापुढे ही गीता टिकेल काय? या आक्षेपात तथ्य आहे. म्हणून दोन प्रयोगांचा उल्लेख करणे भाग आहे. पहिला औंध संस्थानातला. १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत निघाली. तेथे शिक्षा झालेले कैदी शेती करीत, कुटुंबासह राहत, आणि त्यांच्याभोवती भिंत नव्हती. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने झालेल्या या प्रयोगामागे मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थाची प्रेरणा होती. हाच मनुष्य चरख्याच्या सुधारणेत लक्ष घालणारा आणि गांधीजींच्या परिवारातला होता. १९५७ चा दो आँखें बारह हाथ हा शांतारामबापूंचा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला.

दुसरा प्रयोग विनोबांचाच. चंबळच्या मानसिंग दरोडेखोराचा मुलगा तहसीलदारसिंग फाशीची शिक्षा होऊन नैनीच्या तुरुंगात होता. त्याने विनोबांना पत्र लिहून भेटीची इच्छा कळविली. म्हणजे येथे कैद्यानेच हाक मारली. विनोबांनी मेजर जनरल यदुनाथसिंग यांना त्याच्याकडे पाठविले, आणि पुढे १९६० च्या मे महिन्यात विनोबा त्या खोऱ्यातून पायी हिंडले. वीसएक दरोडेखोरांनी बंदुका त्यांच्यापुढे आणून ठेवल्या. या गोष्टीवर टीकाही झाली. मध्य प्रदेशाचे पोलीस प्रमुख के. एफ. रुस्तमजी यांनी, अशाने दरोडेखोरांचा गौरव होतो आणि जिवावर उदार झालेल्या पोलिसांचा धीर खचतो, असे उघड म्हटले. रुस्तमजी हे कामठीत जन्मलेले, आपल्याच भागाचे, आणि कर्तबगार अधिकारी होते. त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नव्हते. ज्यांची माणसे मारली गेली त्यांना कोण भेटावयास गेले, हा त्यामागचा खरा प्रश्न होता. बंदिवानाला भेटणाऱ्याने त्याच्या बळीच्या घराची वाटही एकदा चालून पाहावी, एवढे आम्ही त्यावरून शिकलो. परंतु विनोबांनी त्या माणसांची शिक्षा माफ करून मागितली नाही. ती माणसे न्यायालयापुढे गेली, तुरुंगात गेली. बारा वर्षांनी, १९७२ च्या एप्रिलात, जयप्रकाशजींपुढे शेकडो दरोडेखोर याच वाटेने आले.

शेवटी आजच्या दिवसाविषयी दोन शब्द. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, आणि त्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते असे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी कार्यालयाने प्रसिद्ध केले. म्हणजे दर चार माणसांमागे तीन माणसांचा अपराध अजून सिद्धच झालेला नव्हता. आज तुरुंगात बायबल, गीता किंवा कुराण घेऊन जाणाऱ्या अनेक सेवाभावी संस्था आहेत, आणि त्यांतली बहुतेक माणसे सद्भावनेनेच जातात. त्यांनी हा आकडा मनात ठेवून आत जावे. ज्याला आपण पश्चात्ताप करावयास सांगणार, त्याने अपराध केला आहे की नाही हेच अद्याप ठरलेले नाही. अशा माणसाला पश्चात्तापापेक्षा वकिलाची तारीख, जामिनाची रक्कम आणि घरचे पत्र यांची निकड अधिक असते. हॉवर्डने दोनशे पन्नास वर्षांपूर्वी जे पाहिले, म्हणजे पैसे नाहीत म्हणून आत राहिलेला निर्दोष मनुष्य, तो जामिनाच्या पैशाअभावी आपल्या तुरुंगांत अजूनही आहे.

मत्तयाच्या त्या अध्यायात एक बारीक गोष्ट आहे, तिकडे लक्ष वेधून हे व्याख्यान पुरे करतो. तेथे राजा असे विचारीत नाही की, तुम्ही कैद्यांपैकी किती जणांना सुधारले, किती जणांना आपल्या पंथात आणले. तो एवढेच विचारतो की, तुम्ही भेटावयास आला होता काय. आणि पुढे सांगतो की, तो जो आत होता तो मीच होतो. म्हणजे देव उपदेशकाच्या पिशवीतून आत जात नाही, तो आधीपासूनच आत बसलेला असतो. हे ज्याला कळले त्याचा आवाज कोठडीच्या दाराशी आपोआप खाली येईल. कुमारप्पांना हे जबलपुरात कळले, विनोबांना धुळ्यात कळले. आपल्याला ते कळण्यासाठी स्वतः आत जाण्याची वेळ येऊ नये, अशी इच्छा आम्ही करतो. आपल्या गावाच्या तुरुंगावरून रोज आपण जातो. त्या भिंतीच्या आत कोणकोण आहे, त्यांच्यापैकी किती जणांना कोणी भेटावयास येते, एवढी चौकशी जरी उद्या सकाळी कोणी केली, तरी आजची संध्याकाळ कारणी लागली असे आम्ही समजू.